पोहण्याचा बॅज

४ फेब्रुवारी

टिटवे,

परवा स्काऊट पथकाच्या सभेत मी हात वर केला आणि सगळी सभा माझ्याकडे बघत राहिली. विषय होता, मुलींना पथकात घ्यायचं की नाही. याआधी तीनदा हाच विषय आला होता आणि तिन्ही वेळा मीच तो हाणून पाडला होता. या वेळी 'बाजूने कोण?' असं विचारल्यावर सगळ्यांत आधी माझा हात वर. चिटणीस म्हणाले, "काका, प्रश्न नीट ऐकलात ना?" मी म्हटलं, "गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत."

तर आता मुली येणार. अकरा जणींनी नावं दिलीत. शाळेतल्या पीटीच्या बाई त्यांना बघतील, आणि मी म्हातारा सल्ला द्यायला खुर्चीत.

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला, आपल्या शेजारच्या शिंप्याच्या मुलीकडून. तिच्यावर चिडू नकोस, महिनाभर तिच्यामागे भुणभुण लावली होती. ती म्हणाली, तू तिथल्या तलावावर जीवरक्षक आहेस, उंच खुर्चीवर शिट्टी घेऊन बसतेस. ऐकून बरं वाटलं. लहानपणी घरात शिट्ट्या फुंकून डोकं उठवायचीस, म्हणून तर टिटवी.

येत्या एप्रिलमध्ये दादाला जाऊन एकवीस वर्षं होतील. त्याच्या नावाची ढाल दरवर्षी पथकातल्या उत्तम पोहणाऱ्या मुलाला देतो, ते तुला माहीत आहे. या वर्षीपासून ती एखाद्या मुलीलाही मिळू शकेल. मनात आलं, तुझ्या हातून दिली तर? वीस एप्रिलला कार्यक्रम आहे. दादाची बहीण म्हणून तू यावंस.

जुनं उगाळायला हे पत्र लिहीत नाही. झालं गेलं ते झालं. अठरा वर्षांत तू घरात पाऊल टाकलं नाहीस, मीही बोलावलं नाही, फिट्टंफाट. तुझी आई बरी आहे. अजून दुकानात माझ्यासमोर बसून वह्यांच्या पाठीला खळ लावते. मी पत्र लिहिलंय हे तिला ठाऊक नाही. तू हो म्हणालीस की सांगेन.

बाबा


२१ फेब्रुवारी

टिटवे,

उत्तर नाही. कामात असशील.

रविवारी पोरींचा पहिला दिवस झाला. मला वाटलं होतं, दोर हातात दिले की गोंधळ घालतील. कसलं काय! अर्ध्या तासात पाच गाठी शिकून मोकळ्या, आणि मुलगे आपले अजून दोराचं टोक शोधतायत. त्यांतली एक चष्मेवाली आहे, कपाळाला आठी घालूनच जन्माला आली असावी. तिने मला विचारलं, "सर, तुम्ही इतकी वर्षं मुली नकोत म्हणत होता. का?"

मी म्हटलं, "म्हातारा झालो होतो, अक्कल चालत नव्हती."

"आणि आता?"

पीटीच्या बाई हसायला लागल्या. मी घड्याळाकडे बघितलं.

मग त्या चष्मेवालीने पोहण्याची परीक्षा कधी आहे ते विचारलं. तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलतोय, म्हणून वाटलं कागदावरच बोलावं. त्या परीक्षेबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही.

दादा चौदा वर्षांचा होता, तू तेरा. वर्षातून एकदा वरच्या ऑफिसातून परीक्षक यायचे आणि सार्वजनिक तलावावर परीक्षा घ्यायचे. दादाला नेमका ताप आला. एक मुलगा कमी पडला असता तर पथकाचं निशाण गेलं असतं. तूच म्हणालीस, "बाबा, मी जाते." केस कापलेले, वर टोपी, अंगात त्याचे कपडे. परीक्षक साहेब लांबचे, त्यांना काय कळणार? पथकातली बाकीची मुलं घरी गेल्यावर तुला शेवटी उतरवलं. तू आठ फेऱ्या न थांबता मारल्यास. साहेब म्हणाले, "हा पोरगा आहे की मासा!" दादाच्या नावापुढे मी सही केली, आईने त्याच्या बाहीवर बॅज शिवला. घरी येईपर्यंत आपण दोघं हसत होतो, आठवतं?

दोन पोरांचा बापाबरोबरचा वात्रटपणा, इतकंच होतं ते. त्यात कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. हे तुला पटतं का?

बाबा


६ मार्च

टिटवे,

मागचं पत्र टाकल्यापासून मला चैन नाही. त्यात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या.

दादाला ताप नव्हता. आणि 'मी जाते' असं तू म्हणाली नव्हतीस.

दादाला पाण्याची भीती वाटायची. गळ्यापर्यंत पाणी आलं की त्याचा श्वास कोंडायचा, ओठ निळे पडायचे. तीन उन्हाळे त्याला तलावावर नेलं, रागावलो, आमिषं दाखवली, एकदा ढकललंही. तू त्याच्या मागे मागे येऊन बघता बघता शिकलीस. तुला कुणी शिकवलंच नाही. तलावावरचे रखवालदार मला म्हणायचे, "मास्तर, तुमची पोरगी घ्या की पथकात." मी म्हणायचो, "मुलगी असती तरी एक वेळ चाललं असतं हो, ही टिटवी आहे." सगळे हसायचे. तूही हसायचीस.

स्काऊट मास्तरच्याच मुलाला पोहता येत नाही, हे मला लोकांना कळू द्यायचं नव्हतं. एवढंच कारण, टिटवे. निशाणबिशाण सगळं झूट. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी दादाला म्हटलं, "तू आज आजारी आहेस." आणि तुला म्हटलं, "टोपी घाल." तो खिडकीत उभा राहून आपल्याला जाताना बघत होता. मागे वळून बघायचं मी टाळलं होतं.

येताना तू हसत होतीस हे खरं, पण ते घर येईपर्यंतच. जेवताना तू विचारलंस, "बाबा, मग माझं नाव कुठे लिहिणार?" मी म्हटलं, बॅज घरातच राहिला ना, कुणाच्या का बाहीवर असेना. तू ताटावरून उठलीस आणि मी आईला म्हणालो, "बघ, हिचे नखरे."

मी जन्मभर वह्या बांधल्या. शिवलेल्या वहीतलं एक पान उपटलं की दुसऱ्या अंगाला असलेलं त्याचं जोडपान सुटतं. लगेच पडत नाही, दोन-तीनदा चाळली की गळून पडतं. हे मी नवशिक्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचो. तुझं नाव गाळताना मला ते आठवलं नाही.

दोन वर्षं तो बॅज दादाच्या बाहीवर होता. मग ते मोठं शिबिर आलं, आठ पथकांचं. नदी ओलांडायची होती. शिबिरप्रमुख परके, त्यांनी मुलांना ओळीत उभं केलं आणि बाह्या बघितल्या. ज्यांच्या बाहीवर पोहण्याचा बॅज, त्यांना दोर धरायला पाण्यात उतरवलं, बाकीच्यांनी दोराच्या आधाराने जायचं. दुसऱ्या कुणी केलं असतं तरी असंच केलं असतं. बॅज असतोच त्यासाठी.

मी तेव्हा सामानाच्या तंबूत धान्याची पोती मोजत होतो. दादाने तोंडातून ब्र काढला नाही. 'मला येत नाही' म्हणाला असता तर लोकांनी विचारलं असतं, मग बॅज कसा? तो छातीइतक्या पाण्यात उभा होता आणि त्याच्या हातातल्या दोराला धरून सात लहान मुलं पलीकडे गेली. आठव्याच्या वेळी त्याचा पाय घसरला.

आज इतकंच लिहवतं.

बाबा


१७ मार्च

टिटवे,

आता राहिलेलं. हे तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीस. पण मी ते माझ्या हाताने एकदा लिहायला हवं.

दादा गेल्यावर चौकशी झाली. मी लिहून दिलं की मुलगा पट्टीचा पोहणारा होता, पाण्याला ओढ होती, दैव. तलावावर जाऊन कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी मान डोलावली. पथकाने त्याच्या नावाची ढाल करायचं ठरवलं आणि मी नको म्हणालो नाही.

आठव्या दिवशी तू स्वयंपाकघरात आलीस. आई भांडी विसळत होती, मी दाराशी होतो. पंधरा वर्षांची तू. म्हणालीस, "आई, दादाला पोहता येत नव्हतं. ती परीक्षा मी दिली होती."

आईने नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. एवढंच विचारलं, "खरं?"

आणि मी म्हणालो, "खोटं बोलतेय. भाऊ गेला तरी हिला स्वतःचंच कौतुक हवंय."

तुझ्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. आई तुला म्हणाली, "माझ्यासमोरून जा." तू गेलीस. त्यानंतर तीन वर्षं तू त्या घरात राहिलीस, जेवलीस, शाळेत गेलीस, आणि आम्हा दोघांशी कामापुरतं बोललीस. अठरा पुरी झाली आणि निघून गेलीस. पाहुणे विचारायचे, मुलगी का गेली हो? मी म्हणायचो, "भावाच्या जाण्याने तिचं डोकं फिरलं." आहे का नाही माझी कमाल? एकदा खोटारडी म्हणून पोट भरलं नाही, वेडीही ठरवलं.

त्या चष्मेवालीला खरं उत्तर द्यायचं राहिलंय. मुली पथकात नकोत असं मी तीनदा म्हणालो ते संस्कारबिंस्कार म्हणून नाही. एखादी पोरगी गणवेश घालून त्या तलावात उतरली असती आणि तिने आठ फेऱ्या मारल्या असत्या, तर ते मला बघवलं नसतं. तुझ्या तोंडातच दाबून टाकलेली गोष्ट मी इतर पोरींच्या वाटेत आडवी घालून ठेवली. या वेळी हात का वर केला? सत्तरी आली, टिटवे. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. मरणाला घाबरून आलेलं शहाणपण आहे ते, फार मोठं काही समजू नकोस.

आईला अजून माहीत नाही. एकवीस वर्षं ती समजते की तिचा मुलगा पट्टीचा पोहणारा होता आणि मुलगी खोटारडी. मी उद्या तिला सांगणार आहे. हे ऐकून ती माझ्याबरोबर राहील असं वाटत नाही. राहू नयेच.

बाबा


१९ मार्च

टिटवे,

सांगितलं.

काल दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. शाळेच्या हजेरीपुस्तकांचं काम चालू होतं. ती खळ लावत होती, मी पुठ्ठे कापत होतो. कात्री खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ताप नव्हता इथपासून. तिने मान वर केली नाही. ब्रश चालूच होता. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटलं, "टिटवी खरं बोलत होती."

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

 मी विचारलं, "कधीपासून?"

शिबिराला निघायच्या दिवशी सकाळी दादा तिच्याकडे गेला होता. हातात गणवेशाचा सदरा. म्हणाला, "आई, एवढा बॅज उसवून दे. मला नदीची भीती वाटते." तिने विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं, टोपीचं, तुझं, माझं. तिने कात्री घेतलीसुद्धा होती. मग तिला वाटलं, बाहीवर बॅज नाही हे बघून हे चारचौघांत काय बोलतील पोराला! ती म्हणाली, "एवढ्या वेळी असू दे रे. तू पाण्यात उतरूच नकोस म्हणजे झालं. आलास की काढून देते, बाबांशी मी बोलते." आणि सदरा इस्त्री करून त्याच्या अंगात घातला.

"म्हणजे टिटवीने सांगितलं तेव्हा..." मी म्हटलं.

"तेव्हा मला ते आधीपासूनच माहीत होतं," ती म्हणाली. "पोरीचं खरं मानलं असतं तर मग मीच त्याला धाडला असं झालं असतं. मी तुम्हाला 'खरं?' विचारलं आणि मनात म्हटलं, नाही म्हणा. आणि तुम्ही नाही म्हणालात."

आम्ही एकवीस वर्षं एका घरात राहिलो, समोरासमोर बसून जेवलो. मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून. आणि दोघांनी मिळून तुला खोटी पाडली. खरं काय ते घरात तिघांनाही माहीत होतं. बोललीस तू एकटी, आणि घर सुटलं तुझंच.

ती रडली नाही. हजेरीपुस्तक पुरं केलं, दाबाखाली ठेवलं. मग म्हणाली, "हे तिला कळवू नका." थोड्या वेळाने म्हणाली, "कळवा." नंतर पदर तोंडाला लावून आत गेली. आज सकाळपासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, पण चहा दोघांचा केला होता.

वीस एप्रिलला येऊ नकोस. ढाल द्यायला तुला बोलावलं होतं, मला काही वाटायला हवं होतं. नुसती ये. किंवा येऊ नकोस, पण एक ओळ लिही.

बाबा


२ एप्रिल

टिटवे,

रविवारी मैदानावर सगळ्यांना सांगितलं. मुलं, मुली, पालक, चिटणीस. उभं राहवेना, म्हणून बसून सांगितलं. ढाल परत घ्या म्हटलं.  एक मुलगा म्हणाला, "पण सर, तुमच्या मुलाने सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "त्याला माझी अब्रू राखायची होती." तो म्हणाला, "मग त्या ताईला बॅज मिळाला का?"

तेच काम मी करतोय. वरच्या ऑफिसला अर्ज केला होता की त्या तारखेची नोंद दुरुस्त करून तिथे तुझं नाव घालावं. काल उत्तर आलं. मुलाचं नाव वगळण्यास हरकत नाही, मात्र उक्त दिनांकास मुलींना सदस्यत्व नसल्याने त्या जागी मुलीचं नाव घालता येणार नाही, जागा कोरी ठेवावी. पीटीच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर आपटलं. मी काय म्हणणार? सदस्यत्व देऊ नका म्हणणारा मीच होतो.

दादाच्या नावावर मी रेघ मारली. रेघ वाकडी आली. पुढे जागा कोरी आहे.

चष्मेवाली माझ्याशी बोलत नाही. मला ते बरं वाटतं, तुझ्या बाजूचं कुणीतरी आहे इथे.

बाबा


११ एप्रिल

टिटवे,

हे पत्र पाठवणार नाही. पाठवून उपयोग नाही.

आज तुझं जाड पाकीट आलं. आईने फोडलं, माझ्याने फोडवेना. आत माझीच पत्रं. पहिलं उघडलेलं, घडीवर घडी पडून मऊ झालेलं. बाकीची पाच तशीच चिकटवलेली, आमच्याच दुकानातल्या खळीने. चिठ्ठी नाही, ओळ नाही.

म्हणजे तू फक्त पहिलं वाचलंस. ते मी आज पुन्हा वाचलं. त्यात ढाल आहे, गुडघे आहेत, 'झालं गेलं ते झालं' आहे, 'फिट्टंफाट' आहे. तू खरं बोललीस असं त्यात एका शब्दाने नाही. तू आशेने उघडलं असशील, पुन्हा पुन्हा वाचलं असशील, ओळीओळीत शोधलं असशील. आणि मी तिथे विनोद करत बसलो होतो. त्यानंतरचं कशाला उघडशील? मी असतो तर मीही उघडलं नसतं.

आई बराच वेळ त्या पाच पाकिटांवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "कार्ड लिहा."

"कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचेल. तिच्या तलावावरचे वाचतील."

"वाचू देत," ती म्हणाली. "तिला फोडावं लागणार नाही. नजर पडली तरी पुरे."

मी म्हटलं, एवढ्याशा कार्डावर काय काय लिहू? ती म्हणाली, "कारणं नका लिहू. मग मावेल. आणि खाली माझ्यासाठी दोन ओळी सोडा."

मी लिहितोय तोवर ती शेजारी उभी आहे. चष्मा पुसून झाला तिचा, तीनदा.


११ एप्रिल
(पोस्टकार्ड)

पोहण्याची परीक्षा माझ्या मुलाने दिली नव्हती, माझ्या मुलीने दिली होती. आठ फेऱ्या, न थांबता. मी नाव बदललं. त्यामुळे मुलगा गेला. मुलीने खरं सांगितलं तेव्हा मी तिला खोटारडी म्हणालो. खोटारडा मी होतो. टिटवे, माझं चुकलं. मला माफ करू नकोस, पण हे वाच.

बाबा

तू खरं बोलतेस हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तरी मी तुला 'जा' म्हणाले.

आई